अंगणात मांडलेला कापूस

“ओला हाये ना! हात लावून पाहा ना! का मी खोटं बोलून राह्यली?”

सकाळचे साडेसहा वाजले असतील. माझी बायको सुशीला अंगणात कमरेवर हात ठेवून अशी ओरडत होती की मोताळ्यातल्या निम्म्या कोंबड्यांनी त्या दिवशी आरवायचे काम तिच्यावरच सोडून दिले. मी पाटावर बसलो होतो. उजवा पाय पुढे पसरलेला, अंगठ्याला पट्टी, आणि समोर जमिनीवर ओंजळभर कापूस. मी तो उचलला, दाबला, पुन्हा ठेवला. मग बाजूच्या मातीवर तळहात टेकवला.

“कापूस ओला हाये,” मी म्हणालो. “पण मातीबी ओली हाये.”

“मंग?”

“मंग काय? ठरलं होतं, कापूस ओला अन् माती कोरडी. दोन्ही ओलं म्हणजे प्रभूनं अजून काही सांगितलं नाई.”

“अवो, पाय सडून राह्यला तुमचा, अन् तुम्ही कापूस पिळून राह्यले! प्रभूले दुसरे कामं नाईत काय? रोज सकाळी तुमच्या अंगणात पाणी शिंपाले येईन तो?”

भिंतीपलीकडून शेजारणीचे डोके वर आले, परिस्थिती पाहून खाली गेले, आणि लगेच दुसऱ्या बाजूने वर आले. सुशीलाने तिच्याकडेही एकदा असे पाहिले की ते डोके दिवसभर दिसले नाही.

हे सगळे कशासाठी चालले होते ते सांगतो. माझ्या उजव्या पायाचा अंगठा कापायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. तो मी देवाला विचारला होता, आणि देवाने कापसावर उत्तर द्यावे असे मीच ठरवून दिले होते.

मी त्या काळी मलकापूर, मोताळा, बुलढाणा या रस्त्यावर काळी-पिवळी चालवत असे. कागदावर ती जीप नऊ माणसांची होती. माझ्या मते, देवाची जितकी लेकरे रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभी असतील तितक्यांची होती. अठरा वर्षे मी तो रस्ता चालवला. राजूरच्या घाटातले एकेक वळण मला नावाने ओळखत असे, आणि काही वळणांशी तर माझे बोलणेही होते. रक्तात साखर मात्र फार. मुंग्या माझ्या पावलांमागून रांगेने चालतात, असे मी प्रवाशांना सांगायचो. मुंग्यांचे खोटे होते. साखरेचे खरे होते. साखरेने हळूहळू दोन्ही पावले बधिर झाली, आणि हे मी कोणाला सांगितले नाही. ज्या माणसाला नसलेल्या गोष्टी सांगायची सवय असते, त्याला असलेली गोष्ट लपवणे जड जात नाही.

दिवाळीच्या सुमारास बाभळीचा काटा चपलेतून आरपार अंगठ्यात शिरला आणि दोन दिवस तिथेच मुक्कामाला राहिला. मला पत्ता नाही. सुशीलाने चप्पल झाडायला घेतली तेव्हा तिला काट्याचे बूड दिसले. पुढे अंगठा सुजला, मग जांभळा झाला, मग काळा आणि तुकतुकीत. आमच्या आठवडी बाजारात नेऊन ठेवला असता तर एखाद्या बाईने वांगे समजून भाव विचारला असता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, वास घेतला, आणि फार वेळ न घालवता सांगितले, “अंगठा गेलेला आहे. तो काढला तर पाऊल वाचेल. थांबलात तर पाऊल जाईल. दोन दिवसांत भरती व्हा.”

मी म्हणालो, “प्रभूला विचारून सांगतो.”

डॉक्टर आमच्या ख्रिस्ती मंडळीचे नव्हते, तरी हसले नाहीत. “विचारा,” म्हणाले. “पण लवकर विचारा.”

आता मनातले लिहायचे तर मला भीती अंगठ्याची नव्हती, सीटची होती. उजव्या पायाने ब्रेक लागतो, उजव्या पायाने गाडी पळते. अंगठा गेला की लोक विचारतील, लंगडा ड्रायव्हर घाट कसा उतरवणार? आणि ती सीट गेली की मी कोण उरतो? गाडीत बसलेली माणसे तासभर कुठे जाऊ शकत नाहीत. माझ्यासारख्या बोलणाऱ्याला याहून चांगले देऊळ म्हणा, चर्च म्हणा, मिळणार नव्हते. म्हणून मला देवाकडून एकच उत्तर हवे होते: कापू नको. बाकी मी जे काही केले ते हे एक उत्तर काढून घेण्यासाठी केले. तेव्हा मात्र मी त्याला ‘देवाची इच्छा ओळखणे’ असे नाव दिले होते.

आमची मंडळी लहान आहे. रविवारी उपासनेत साक्ष देण्याची वेळ असते. ज्याला देवाचा काही अनुभव आला असेल त्याने उभे राहून सांगायचे. मी उभा राहिलो की पाळकसाहेब घड्याळ काढून समोर ठेवत. घाटात अस्वल आडवे आले, मी स्टिअरिंगवर हात जोडून प्रार्थना केली आणि अस्वलानेही पुढचे दोन्ही पाय जोडले, ही साक्ष मी निदान सात वेळा दिली असेल. पहिल्या वेळी अस्वल एक होते. सातव्या वेळी त्याच्यासोबत बायको आणि दोन पिल्ले होती. घडले एवढेच होते की बरेच लांब एक अस्वल रस्ता ओलांडून गेले, आणि त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. लोक हसायचे, आमेन म्हणायचे. मला वाटायचे, देवाचा महिमा वाढतो आहे, थोडे मीठमसाला लागले तर बिघडले कुठे? बिघडले ते इथे, की ‘प्रभूने मला दाखवले’ हे शब्द माझ्या तोंडात इतके गुळगुळीत झाले होते की त्यांवर माझाच पाय घसरू लागला होता.

पहिल्या दिवशी मी आमच्याकडची जुनी रीत केली. डोळे मिटून प्रार्थना करायची, पवित्र शास्त्र मध्येच कुठेतरी उघडायचे, आणि बोट ठेवायचे. बोटाखाली येईल ते आपल्यासाठी आलेले वचन. माझे बोट एका वंशावळीवर पडले. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला. त्यातून अंगठ्याचा अर्थ काही निघेना. दुसऱ्यांदा उघडले तर मंदिराच्या पडद्यांची लांबी-रुंदी आली. तिसऱ्या वेळी, आता कबूल करतो, डोळे पुरते मिटले नव्हते. एका राजाचे पाय दुखत होते, त्याने देवाला न विचारता वैद्यांना विचारले आणि तो वारला, ही गोष्ट कुठल्या बाजूला आहे ते मला साधारण ठाऊक होते. बोट त्याच्या आसपास पडले. मी ते दोन ओळी खाली सरकवले.

“सुशीला! पाह्य, वचन आलं!” मी ओरडलो.

तिने वाचले. आमची सुशीला सातवीपर्यंत शिकलेली, पण शास्त्र तिने माझ्याहून जास्त वाचलेले. ती म्हणाली, “अन् पाय अडखळवत असला त तोडून टाक म्हणते, ते वचन कोन वाचाचं? ते काय दुसऱ्याच्या पायासाठी हाये?”

मी म्हणालो, ते वचन पापाविषयी आहे, लाक्षणिक आहे. ती म्हणाली, मग राजाचे पाय तेवढे खरे होते काय? या प्रश्नावर मी प्रार्थनेला बसलो. नवऱ्याला उत्तर सुचत नसले की प्रार्थना फार उपयोगी पडते.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, “डॉक्टर काय म्हणाले?”

“कापा म्हणाले.”

“मग आपण कशाची वाट पाहतोय?”

“प्रभू काय म्हणतो याची.”

पाळकसाहेबांनी माझ्या पट्टीकडे पाहिले. “डॉक्टरांना बोलायला तोंड कोणी दिलं?” त्यांनी विचारले. मला वाटले, बिचाऱ्यांचा विश्वास कमी पडतो आहे. मी त्यांच्यासाठीही प्रार्थना करेन असे सांगून घरी आलो.

मग मला ती लोकरीची गोष्ट आठवली. शास्त्रात एक माणूस खळ्यावर लोकर ठेवून देवाला खूण मागतो. एकदा लोकर ओली आणि जमीन कोरडी, एकदा उलट. आमच्या घरात लोकर नव्हती. सासऱ्यांच्या शेतातला, गादी भरायला आणलेला कापूस मात्र पोतेभर होता. मी विचार केला, देव त्या देशात लोकर चालवून घेतो, तर वऱ्हाडात कापूस चालवून घेईल. आणि अट घातली: कापूस ओला व माती कोरडी निघाली तर दवाखान्यात जाईन, एरवी जाणार नाही. या अटीतली मेख तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या तेव्हा आली नव्हती, किंवा आली होती आणि मी तिच्याकडे पाहिले नाही. कापण्यासाठी चमत्कार व्हायला हवा होता, आणि न कापण्यासाठी काहीच व्हायची गरज नव्हती. असा सौदा बाजारात कोणी माझ्याशी केला असता तर मी त्याला दोन शिव्या दिल्या असत्या.

पहिल्या सकाळी आभाळ होते, दव पडले नाही, दोन्ही कोरडे. मी दोनदा हालेलुया म्हणालो. दुसऱ्या सकाळी कापूसच नव्हता. शेजारची शेळी रवंथ करत उभी होती. शेळीने खूण खाल्ली तर तिचा अर्थ कसा लावायचा, यावर मी दुपारपर्यंत विचार केला. डॉक्टरांनी दिलेले दोन दिवस त्या शेळीच्या पोटात गेले. आणि तिसऱ्या सकाळी कापूसही ओला निघाला, मातीही ओली निघाली, आणि सुशीला ओरडत उभी राहिली. तो प्रसंग सुरुवातीला सांगितलाच आहे.

ती फार वेळ ओरडली, आणि मग एकदम थांबली. माझ्या समोर बसली. पदराने तोंड पुसले आणि अगदी हळू बोलली, “मले तुमची सवय हाये. अस्वलाची, मुंग्याइची, सगळ्याची. एवढं एक खरं बोला. तुमाले दुखते काय?”

“नाई दुखत.”

“मले तेच्याचंच भेव वाटते.”

मला हे सहन होईना. ओरडणाऱ्या बायकोला तोंड देता येते. मी चावी घेतली, पट्टीवर मोजा चढवला आणि गाडीवर गेलो.

स्टँडवर गाडी भरली. नेहमीची माणसे, चौदा असतील. मागे एक बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी चालली होती. तिच्या आईने तिला दोन उशांमध्ये अंड्यासारखे जपून बसवले होते. माझ्या बाजूच्या सीटवर एक म्हातारा धनगर येऊन बसला. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी त्याला आधी कधी पाहिले नव्हते. मेंढपाळ आला म्हटल्यावर आमच्या मंडळीतल्या कोणालाही लगेच ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र आठवेल. मला आठवले नाही. मला आठवले की काठी गिअरमध्ये अडकेल, आणि मी ती मागे द्यायला सांगितली. त्याने दिली नाही.

गाव सुटले तसा तो नाक वर करून हुंगायला लागला.

“भाऊ, तुह्या पायाले वास येऊन राह्यला.”

“तुमच्या घोंगडीचा असेल बाबा,” मी म्हणालो. मागे सगळे हसले.

“घोंगडीचा मले समजते.” तो मुळीच रागावला नाही. “हा खुराचा हाये. पावसात मेंढीचा खूर सडते, तवा असाच येते.”

“मंग मले कळपात घेता काय?”

पुन्हा हसू. म्हातारा हसला नाही. राजूरपर्यंत तो माझ्या पायाकडे पाहत होता. रस्त्याकडे एकदाही नाही.

राजूरला घाटाच्या अलीकडे आम्ही प्रवासी घ्यायला थांबायचो. तिथे रस्त्याला थोडा उतार आहे. मी गाडी उभी केली, ब्रेकवर पाय दाबून धरला, खिडकीतून मागे वळलो आणि “चला बुलढाणा, बुलढाणा!” असा पुकारा सुरू केला. माझा पुकारा वर बुलढाण्यात ऐकू जायचा, असे मी सांगत असे. त्या पुकाऱ्यात मला कळलेच नाही की गाडी चालते आहे. माणूस चालतो त्याहून हळू, बैल पाण्यावर जातो तशी, ती आपली निघाली होती. धाडकन आवाज आला तेव्हा मी पुढे पाहिले. चहाच्या टपरीचा पाण्याचा ड्रम आडवा झाला होता आणि आमचे नाक टपरीच्या बाकड्याला टेकले होते. बाकड्यावर कोणी बसलेले नव्हते.

“अबे, डोळे फुटले काय बे तुहे? ब्रेक मार ना!” चहावाला किंचाळला.

मी ब्रेक मारतच होतो. पूर्ण जोर लावून, मांडीला कळ येईपर्यंत मारत होतो. मी खाली पाहिले. माझे पाऊल ब्रेकच्या शेजारी होते. मी जीपच्या पत्र्याला ब्रेक लावत होतो.

डाव्या हाताने हँडब्रेक ओढला. म्हातारा उतरला, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला, दार उघडले, आणि काठीचे टोक माझ्या अंगठ्यावर ठेवून दाबले.

“दुखते काय?”

“नाई.”

मग त्याने तळव्यावर दाबले. “इथं?”

“नाई.”

“मंग ब्रेक कसा समजते तुले?”

त्याने हे टोमणा म्हणून विचारले नव्हते. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. जनावराच्या पायात काय आहे हे पाहणारा माणूस जसा विचारेल तसे त्याने विचारले आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. समोर घाट दिसत होता. मी अठरा वर्षांत कुठल्याही प्रश्नाला उत्तर नाही असे होऊ दिले नव्हते. नसले तर बनवायचे, बनवलेले कमी पडले तर त्यात अस्वल घालायचे. तो देवाचा आवाज होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणायची माझी लायकी त्या अस्वलानेच घालवली आहे. एवढेच सांगतो, की त्या प्रश्नाला माझ्याकडे खोटे उत्तर नव्हते. मागे त्या दोन उशा दिसल्या, आणि मी म्हणालो, “नाई समजत, बाबा.”

मोठ्याने बोललेले माझे हे बहुधा पहिलेच लहान वाक्य.

पुढचे घाईचे होते. मधल्या सीटवरून शाळेच्या एक बाई उठल्या. त्या रोज बुलढाण्याला जायच्या. “मला कार येते,” त्या म्हणाल्या, “पण अशी जीप कधी चालवली नाही.”

म्हातारा म्हणाला, “बाई, तुले तुहे पाय समजते ना? मंग चालव.”

बाईंनी पर्स माझ्या मांडीवर दिली आणि स्टिअरिंग धरले. मी माझ्याच गाडीत प्रवासी म्हणून बसलो, म्हाताऱ्याला खेटून. राजूरचा घाट त्या दिवशी आम्ही इतका हळू चढलो की एका वळणावर सायकल हातात धरून पायी चढणारा एक माणूस आमच्या पुढे गेला, हे खरे आहे; चौदा साक्षीदार आहेत. बाई प्रत्येक वळणाला श्वास रोखायच्या आणि मागचे सगळे त्यांच्यासोबत रोखायचे. मी तोंडातून शब्द काढला नाही. पहिल्यांदाच मी त्या घाटात खिडकीतून बाहेर पाहिले. सागाची पाने लाल होऊ लागली होती. चालवताना ती कधी दिसली नव्हती.

बुलढाण्यात स्टँडवर माणसे उतरली. बाई मला गाडीसकट दवाखान्याच्या दारात घेऊन गेल्या. म्हातारा कुठे उतरला ते मी पाहिले नाही. नाव विचारायचे राहिले.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. “परवा आला असतात तर एक,” ते म्हणाले. “आता दोन.” अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, दोघे सोबतच गेले. जन्माचे शेजारी होते. दुसरे बोट माझ्या कापसाच्या हिशेबात गेले, हे मी लपवत नाही. आमच्यात काही लोक साक्ष देताना शेवटी सगळे आधीसारखे झाले असे सांगतात. मला तसे सांगता येणार नाही.

दुपारी सुशीला धावत आली. मला गादीवर पाहून आधी रडली, मग पायाच्या बाजूला जाऊन पांघरूण वर करून पाहिले, आणि परत येऊन उशाशी बसली. बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“एक सांगू काय?” ती म्हणाली. “तो कापूस मीच ओला केला होता. पहाटं उठून तांब्या ओतला. तुम्ही म्हणे, कापूस ओला निघाला त चाललो. मले वाटलं, प्रभूले उशीर होऊन राह्यला, त आपण थोडी मदत करतो. पण अंधारात पाणी जास्त पडलं अन् माती भिजली.”

मी रागवायला तोंड उघडले. देवाच्या खुणेत लबाडी! पण तेवढ्यात माझे ते बोट आठवले, दोन ओळी खाली सरकलेले. मी तिला तेही सांगितले. ती अशी हसायला लागली की नर्स दारात येऊन विचारू लागली, यातला पेशंट कोणता?

त्या दवाखान्यात मी नऊ दिवस होतो, आणि बोलायला फारसे कोणी नव्हते. माझ्यासारख्याला याहून मोठा उपवास नाही. तिथे पडल्या पडल्या मला हळूहळू दिसले की देवाचे मार्गदर्शन मिळत नाही म्हणून मी जे तीन दिवस तळमळत होतो, त्या तीन दिवसांत ते माझ्यावर चोहोबाजूंनी चालून येत होते. डॉक्टरांनी सांगितले, पाळकसाहेबांनी सांगितले, सुशीलाने तर मोहल्ल्याला ऐकू जाईल असे सांगितले. माझे पाऊलच तेवढे काही बोलत नव्हते, आणि नेमके त्याच्या गप्प बसण्यावर मी विश्वास ठेवला. मला आवाज नको होता, परवानगी हवी होती. हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे म्हणजे विचारणे नव्हे. आणि एवढे करूनही देवाने मला सोडले नाही. मी वचनात लबाडी केली, बायकोने कापसात केली, खूण शेळीने खाल्ली, तरी राजूरच्या त्या उतारावर बाकडे रिकामे होते. त्याबद्दल मी रोज आभार मानतो. अंगठ्याबद्दल तक्रार करायला मला अजून सवड मिळालेली नाही.

आता गाडी माझा मेहुणा चालवतो. मी मोताळ्याच्या स्टँडवर काठी घेऊन उभा राहतो आणि पुकारा करतो. पाय कामाचे नसले तरी गळा शाबूत आहे. कधी बुलढाण्याला जायचे झाले तर बाजूच्या सीटवर बसतो. सुरुवातीला प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा. नसलेला ब्रेक शोधायचा. आता कमी झाले आहे. दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन बसणे ही शिकायची गोष्ट आहे आणि मी फार उशिरा शाळेत गेलो, एवढेच म्हणतो. रविवारी साक्ष दिली तेव्हा जसे घडले तसेच सांगितले. चार मिनिटांत संपली. पाळकसाहेबांनी घड्याळ उचलून कानाला लावून पाहिले.

त्या म्हाताऱ्याला मी खूप शोधले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक धनगराला विचारायचो. अखेर उन्हाळ्याच्या तोंडाला राजूरच्या पुढे एका शेतात कळप बसलेला दिसला, आणि बांधावर तो लाल पटका. मी मेहुण्याला गाडी थांबवायला लावली. काठी टेकत, ढेकळे तुडवत त्याच्यापर्यंत गेलो. त्याने आधी माझ्या पायाकडे पाहिले, मग तोंडाकडे.

“राह्यला ना पाय?” तो म्हणाला.

“राह्यला बाबा.” मी त्याचे दोन्ही हात धरले. कित्येक महिने मनात जमवून ठेवलेले एकदम बाहेर आले. मी म्हणालो, मी देवाकडे तीन दिवस खूण मागत होतो, मला काही उमजत नव्हते. त्या सकाळी तुम्ही माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी येऊन बसले. तुम्ही नसते तर मी चौदा माणसे घेऊन घाटात गेलो असतो. बाबा, त्या दिवशी तुम्हाला देवाने पाठवले होते. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

म्हाताऱ्याने मला पूर्ण बोलू दिले. मग हात सोडवून घेतले आणि उठलेल्या मेंढ्यांकडे वळला.

“मी त मेंढ्याइची दवाई आणाले चाललो होतो,” तो म्हणाला.